तारेवरची आज्ञा आणि पोलादी गोळी

‘प्रोटोकॉल’ हा शब्द आमच्याकडे प्रथम आला तो दरबारी शिष्टाचाराचा अर्थ घेऊन. कोणी आधी उठावे, कोणी मागून बसावे, खलित्याची पोच कोणी व कशी द्यावी, अशा गोष्टींचे ते शास्त्र होते. पुढे यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा त्यांच्या बोलण्याच्या नियमांसही लोकांनी हेच नाव दिले, आणि आमच्या मते ते पुष्कळच समर्पक आहे. यंत्रांचा शिष्टाचार हाही शेवटी तीन प्रश्नांभोवती फिरतो. आज्ञा कोणत्या शब्दांत करावी, ती पोचल्याची पावती कशी द्यावी, आणि आज्ञा करणाराच बोलेनासा झाला तर सेवकाने काय करावे. पहिल्या दोन प्रश्नांवर ग्रंथ भरले आहेत. तिसऱ्याची आठवण मात्र बहुधा काहीतरी जळाल्यावर किंवा कोणीतरी मेल्यावर होते. त्या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार असून, त्यासाठी उदाहरण म्हणून आम्ही एक खेळ निवडला आहे. खेळाचे नाव ऐकून गंभीर वाचकांनी पान उलटू नये, एवढीच विनंती.

विषय सुचण्यास निमित्त येथे चामोर्शीतच घडले. आमचा एक जुना विद्यार्थी सुट्टीत घरी आला असता त्याने सागवानी फळ्यांचे एक उतरते मेज तयार केले. त्यावर रबरी कडी, घंटा, दिवे आणि खालच्या बाजूस दोन छोटे पंख बसविले. पोलादी गोळी उतारावरून खाली येऊ लागली की खेळणाऱ्याने कळ दाबावी, पंखाने झटका देऊन गोळी पुन्हा वर धाडावी, आणि ती मधल्या फटीतून निसटेपर्यंत गुण जमवावेत, असा हा खेळ आहे. यासच पिनबॉल म्हणतात. पंख हलतो तो तारेच्या वेटोळ्यामुळे. कारागीर त्यास कॉइल म्हणतात. तीत वीज सोडली की आतला लोखंडी दांडा खेचला जातो. कॉइलींना हुकूम देणारी एक विजेची फळी, म्हणजे बोर्ड, आणि बोर्डास हुकूम देणारा एक संगणक, असा सारा कारभार त्या मुलाने एका बारीक केबलीवर चालविला होता. चार दिवस सर्व ठीक चालले. पाचव्या दिवशी खेळ ऐन रंगात असता संगणक मध्येच झोपी गेला. डावा पंख वर उचललेला होता तो वरच राहिला, आणि थोड्याच वेळात जळक्या व्हार्निशचा वास ओसरीभर पसरला.

दोष कोणाचा, यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, संगणकाचा. आम्ही म्हणालो, हुकमाच्या शब्दयोजनेचा. त्याच्या संकेतांत ‘कॉइल चालू’ असा एक हुकूम होता आणि ‘कॉइल बंद’ असा दुसरा. पहिला पोचला, दुसरा धाडण्यापूर्वी धनी निजला, आणि बोर्डाने स्वामिनिष्ठेची पराकाष्ठा करून कॉइल जाळली. आज्ञाधारकपणा हा सद्‌गुण आहे असे आपण मुलांस शिकवितो. पण ज्या आज्ञेला तिचा स्वतःचा शेवट नाही, ती आज्ञाधारकाचा घात करते, हे त्यांस कोणी सांगत नाही.

आता थोडा खेळाचा इतिहास. मुंबई-पुण्याकडील जुन्या घरांत बॅगाटेल नावाची खिळे ठोकलेली फळी असे. मुले त्यावर गोळ्या उडवून सुट्टीच्या दुपारी घालवीत. ती फळी या खेळाची आजी होय. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात हा खेळ रूढ झाला. १८७१ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने स्प्रिंगच्या दट्ट्याने गोळी उडविण्याच्या सुधारणेचे पेटंट मिळविले. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने ‘बॅफल बॉल’ नावाचे मेज काढले. मंदीच्या दिवसांत एका नाण्यात घटकाभर करमणूक मिळते म्हणून त्याचा अमाप खप झाला. तोपर्यंत यंत्रात वीज नव्हती. ती आली १९३३ मध्ये. हॅरी विल्यम्सने ‘काँटॅक्ट’ या मेजात बॅटरीवर चालणारी कॉइल बसवून खाचेत पडलेली गोळी आपोआप बाहेर फेकविली, आणि मेज स्वतः काही ‘करू’ लागले. १९४७ मध्ये गॉटलीबच्याच ‘हम्टी डम्टी’ या मेजावर विजेचे पंख प्रथम आले, आणि नशिबाच्या खेळात हाताच्या कौशल्यास जागा मिळाली. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये जुगार म्हणून या खेळावर बंदी घातली होती. ती उठण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या लेखकाने नगरसभेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून, गोळी कोठे जाईल हे आधी सांगून ती तेथेच धाडून दाखविली. खेळास न्याय मिळाला तो युक्तिवादाने नव्हे, प्रात्यक्षिकाने. वकिलांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या सर्व काळात यंत्रांत ‘आज्ञा’ अशी नव्हतीच. प्रत्येक स्विचपासून तार निघे आणि ती रिले व फिरत्या चक्रांतून थेट कॉइलीपर्यंत जाई. कळ दाबली की पंख उठे, सोडली की पडे. बोट हेच राज्य आणि तार हाच कायदा. १९७७ च्या सुमारास बॅली व विल्यम्स या शिकागोच्याच कारखान्यांनी मेजांत सूक्ष्म संगणक बसविले, तेव्हा प्रथमच हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा असे दोन वर्ग यंत्राच्या पोटात निर्माण झाले. चौसष्ट दिवे आणि चौसष्ट स्विच आठ उभ्या व आठ आडव्या तारांच्या जाळीत बसविण्याची युक्ती तेव्हाचीच. तरीही मेजाच्या डोक्यातील पेटीपासून खालच्या फळीपर्यंत जाडजूड तारांचा जुडगा उतरे, आणि त्यातली एखादी तार सुटली की दुरुस्ती करणाराचा अर्धा दिवस जाई.

शेवटी तारांचा हा पसारा आवरण्यासाठी लोक जुन्याच मार्गाकडे वळले. प्रत्येक हुकमास वेगळी तार देण्याऐवजी एकाच तारेवरून अक्षरे एकामागून एक धाडावयाची, आणि पंखांजवळ, घंटांजवळ लहान लहान बोर्ड बसवून त्यांनी ती वाचावयाची. स्टर्न या कारखान्याने २०१५ च्या सुमारास आपली मेजे याच धर्तीवर बांधण्यास आरंभ केला. घरी मेजे बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी फास्ट पिनबॉल, ओपन पिनबॉल प्रोजेक्ट अशांचे बोर्ड मिळू लागले, आणि त्यांस हुकूम देण्यासाठी मिशन पिनबॉल फ्रेमवर्क नावाची सर्वांस खुली अशी आज्ञावली लिहिली गेली. फास्टच्या बोर्डांशी बोलावयाचे तर दोन अक्षरांचे हुकमाचे नाव, मग आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे, मग कोणती कॉइल व किती वेळ ते सांगणारे अंक. उलट टपाली ‘पास’ किंवा ‘फेल’ अशा अर्थाचे एकच अक्षर येते. ओपन पिनबॉल प्रोजेक्टचे बोर्ड माळेसारखे जोडलेले असतात. संगणक प्रथम हजेरीचा हुकूम सोडतो, प्रत्येक बोर्ड त्यात आपला क्रमांक घालून तो पुढच्याकडे सरकवितो, आणि माळ संपली की हजेरीपट संगणकाकडे परत येतो. वर्गात हजेरीचे पान बाकांवरून फिरविण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की येथे दुसऱ्याची खोटी हजेरी कोणी लावीत नाही.

हा जुना मार्ग म्हणजे तारायंत्राचा. भारतात १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली, आणि जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद झाली. पण तारेची लिपी मेली नाही. पाच ठोक्यांत एक अक्षर बसविणारी योजना फ्रान्सच्या एमिल बोदो याने १८७४ मध्ये केली. क्रमशः धाडलेल्या संदेशांचा वेग मोजताना आजही ‘बॉड’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. बोदोच्या यंत्रांत दोन्ही टोकांची चाके सतत बरोबरीने फिरावी लागत. ती अडचण पुढे शिकागोच्याच मॉरक्रम कंपनीत हॉवर्ड क्रम याने दूर केली. त्याने प्रत्येक अक्षरापूर्वी ‘चला’ असा एक ठोका आणि नंतर ‘थांबा’ असा एक ठोका घातला, म्हणजे घेणारे यंत्र प्रत्येक अक्षरास नव्याने जागे होई आणि पुन्हा विसावे. आमच्या विद्यार्थ्याच्या केबलीतही आठ ठोक्यांच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे हेच दोन ठोके धावत होते. पिनबॉलचे शहर आणि या दोन ठोक्यांचे शहर एकच, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटला.

पण त्या टेलिप्रिंटरवाल्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट करून ठेविली होती. तार स्वस्थ असताना तीत वीज वाहत राही. वीज नसणे म्हणजे स्वस्थता नव्हे. त्यामुळे कोठे तार तुटली की घेणारे यंत्र निमूट न बसता रिकामेच खडखडू लागे, आणि कारकुनास तत्क्षणी कळे की काहीतरी बिनसले आहे. मौनाचे दोन प्रकार आहेत, एक विसाव्याचे आणि एक मरणाचे. त्यांत भेद करता यावा म्हणून विसाव्याच्या वेळीही श्वास चालू ठेवण्याची ही युक्ती होती. रेल्वेतही तिचे भावंड सापडते. अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये रुळांतूनच सतत वीज खेळविली. गाडीच्या आसाने ती अडविली, तार तुटली किंवा बॅटरी संपली, काहीही झाले तरी सिग्नल धोक्याचाच होई.

रेल्वेचा उल्लेख आला तेव्हा वाचकांस घराजवळ आणतो. चामोर्शीस रेल्वे नाही. गाडी धरावयाची तर वैनगंगा ओलांडून मूल गाठावे, नाहीतर वर वडशास जावे. ही दोन्ही ठाणी गोंदियाहून नागभीडमार्गे चांदाफोर्टकडे येणाऱ्या मार्गावरील. तो विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने अरुंद रुळांचा बांधला, आणि त्या शतकाच्या अखेरीस तो रुंद झाला. बांधला तेव्हा तो एकेरी होता. एकेरी मार्ग म्हणजे दोन ठाण्यांमध्ये एकच वाट, आणि त्या वाटेवर समोरासमोर दोन गाड्या येऊ न देणे हा सगळा प्रश्न. दूरच्या स्टेशनमास्तरास तारेने हुकूम धाडून तो सुटेल असे प्रथम लोकांस वाटले होते. तसे न होण्याचे कारण इंग्लंडात नॉरिचजवळील थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री कळले. ‘गाडी सोडा’ असा निरोप पुढच्या ठाण्यास तारेने गेला, तोही जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीवाचून, आणि इकडूनही गाडी सोडण्यात आली. निरोप रद्द करण्याची तार धाडली तोवर पलीकडची गाडी सुटलेली होती. दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे मेली.

येथे हुकूम पोचला होता, अक्षरन्‌अक्षर बरोबर पोचला होता, आणि पाळलाही गेला होता. दोष हा, की एकदा सुटलेल्या हुकमास मागे खेचणारे काही नव्हते, आणि तो खरोखर द्यावयाचा होता की नाही हे विचारणारेही काही नव्हते. एडवर्ड टायर याने यावरून धडा घेऊन १८७८ मध्ये असे यंत्र केले, की दोन्ही ठाण्यांची संमती असल्याखेरीज चालकास हाती धरावयाची खूण बाहेरच पडू नये. भारतात एकेरी मार्गांवर पुष्कळ ठिकाणी नंतर जे आले ते नीलचे गोळा-यंत्र. आमचा मूळ विषय गोळीचा होता. तो येथे पुन्हा आमच्या हाती येतो, फक्त गोळी जरा मोठी झाली आहे.

या यंत्राचा व्यवहार पाहण्याजोगा आहे. दोन शेजारच्या ठाण्यांत एकेक यंत्र, आणि दोहोंच्या पोटात पोलादी गोळे. गाडी सोडणारे ठाणे प्रथम घंटेचा एक ठोका देते, ‘लक्ष द्या’. पलीकडचे ठाणे तोच एक ठोका परत देते. मग दोन ठोके, ‘मार्ग मोकळा आहे काय?’ तेही तसेच्या तसे परत येतात, आणि पलीकडचा मास्तर आपल्या यंत्राची मूठ ‘गाडी येत आहे’ या जागी फिरवितो. तेव्हाच इकडच्या मास्तरास आपली मूठ ‘गाडी जात आहे’ या जागी नेता येते आणि एक गोळा बाहेर पडतो. गाडी निघाली की तीन ठोके, पोचली की चार. दिलेला हुकूम रद्द करावयाचा तर पाच, आणि अडथळा व धोका असेल तर सहा. गोळा कातडी पिशवीत घालून, वेताच्या कड्यास अडकवून, चालत्या गाडीच्या चालकाकडे देत. पलीकडच्या ठाण्यात तो गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघत नसे. शेजारच्या टप्प्याचा गोळा चुकून आला तर तो यंत्रात बसतच नसे, अशी त्याची घडण वेगळी केलेली असे. रहदारी एका बाजूची अधिक झाली की गोळे एका टोकास साचत, मग सिग्नलचा माणूस येऊन ते मोजून पुन्हा दोहोंकडे वाटून देई. या खात्याचा हिशोब एखाद्या सावकारी पेढीस लाजविणारा होता.

वाचकांनी पाहावे, की शिष्टाचाराचे तिन्ही प्रश्न येथे सुटले आहेत. ठोक्यांचे शब्द ठरलेले, प्रत्येक ठोक्याची पावती तोच ठोका परत देऊन, आणि कोणीही एक टोक मुके झाले तर गोळा पोटातच राहतो व गाडी उभी राहते. मौनाचा अर्थ ‘थांबा’. गाडी खोळंबेल, प्रवासी चिडतील, मास्तरास जाब द्यावा लागेल, पण माणूस मरणार नाही.

हाच अर्थ पिनबॉलच्या तारेवर आणण्यास खेळवाल्यांस काही काळ लागला, पण त्यांनी तो आणला. विल्यम्सच्या यंत्रांत ‘ब्लँकिंग’ नावाची एक रेषा असे. मुख्य संगणक आपण जिवंत असल्याची खूण तीवर पुनःपुन्हा उमटवीत नसेल, तर सर्व कॉइलींची वीज तोडली जाई. फास्टच्या संकेतांत यासाठी स्वतंत्र हुकूमच आहे. त्याचे नाव ‘वॉचडॉग’, म्हणजे राखणदार. संगणक बोर्डास सांगतो, ‘पुढील एक सेकंदभर माझा शब्द मान’. तो सेकंद सरण्यापूर्वी पुन्हा तेच सांगतो, आणि पुन्हा. सांगणे थांबले की बोर्ड आपण होऊन सर्व कॉइली सोडून देतो. अधिकार एकदा दिला की कायमचा, ही कल्पना येथे नाही. तो क्षणोक्षणी नवा करून घ्यावा लागतो.

कॉइलीचा हुकूमही आता निराळ्या शब्दांत दिला जातो. ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन हुकूम न देता ‘तीस हजारांश सेकंद झटका’ असा एकच. म्हणजे शेवट हुकमातच आला. पंखास कळ दाबलेली असेतो वर राहावे लागते, म्हणून त्यास बहुधा दोन वेटोळी असतात. जोराचे वेटोळे पंख उचलण्यापुरते आणि हलके वेटोळे धरून ठेवण्यापुरते. जोराचे वेटोळे फार वेळ चालू राहण्यासाठी केलेलेच नसते.

येथे एक शंका रास्तच उभी राहते. खेळणाऱ्याने कळ दाबली, ती बातमी बोर्डाने संगणकास दिली, संगणकाने विचार करून हुकूम धाडला, तोवर गोळी फटीतून गेलेली असणार. यावर उपाय म्हणून बोर्डास आधीच नियम देऊन ठेवतात. ‘हा स्विच मिटला तर ती कॉइल इतका वेळ चालव, मला विचारू नको.’ रायगडच्या हिरकणीची कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. सूर्यास्तास दरवाजे मिटले ते कोणी त्या दिवशी नवा हुकूम दिला म्हणून नव्हे. कायम हुकूम असल्यामुळे पहारेकऱ्यास कोणास विचारावे लागले नाही, आणि म्हणूनच त्यास हिरकणीसाठी दरवाजा उघडताही आला नाही. दूरच्या कारभारात कायम हुकमावाचून चालत नाही. चांद्याहून सिरोंच्याचा मुलूख सांभाळणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांस हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पण धनी उठून गेला तर कायम हुकूमही राहू नये, ही तजवीज बोर्डांनी केली आहे. राखणदाराची मुदत संपली की नियमांच्या कॉइलीही निर्जीव होतात.

एका बाबतीत मात्र खेळ रेल्वेच्या पुढे गेलेला दिसतो. पिनबॉलच्या मेजात बराच वेळ एकही स्विच मिटला नाही, तर गोळी कोठे तरी अडकली असे समजून यंत्र एकेक कॉइल क्रमाने हलवून तिचा शोध घेते. हरवलेला गोळा नीलच्या यंत्रास असा शोधता येत नसे. तो रुळालगत शोधावयास माणसेच जात.

कॉइल जळाल्यावर आमच्या विद्यार्थ्याने चंद्रपुराहून तार आणून ती हातानेच पुन्हा गुंडाळली. ‘चालू’ व ‘बंद’ हे दोन्ही हुकूम त्याने काढून टाकले, झटक्याचा एक हुकूम घातला आणि राखणदारास पाऊण सेकंदाची मुदत दिली. मग आमच्यासमोर खेळ ऐन रंगात असता त्याने संगणकाची केबल उपटली. उजवा पंख वर होता तो खाली पडला, गोळी दोन पंखांमधून निघून गेली, आणि दिवे तेवढे लुकलुकत राहिले. दिव्यांस राखणदार लावावयाचे त्याच्याकडून राहून गेले होते.